अडवतो की चढवतो?

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर आमच्या भाचेबुवांनी वेफर्सचं एक पाकीट घेतलं आणि मी फर्मान काढलं, की ते इतक्यात फोडायचं नाही. सहावीतला मुलगा, बाहेर धो धो पाऊस, महाबळेश्वरची गाडी अर्धा तास उशिरा. अशा वेळी वेफर्स मांडीवर ठेवून नुसते बघत बसायचे ही काय शिक्षा आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. "मावशी, निदान कारण तरी सांग," तो कळवळून म्हणाला. मी म्हटलं, "वर गेल्यावर कळेल."

गाडी आली आणि आंबेनळी घाट चढायला लागली. जुलै महिना. दर वळणावर एक धबधबा, आणि त्यातले दोन-तीन तर इतके आगाऊ, की त्यांचं पाणी थेट एसटीच्या टपावर. खिडकीच्या फटीतून ओघळ आत येत होते. कंडक्टरकाका म्हणाले, "काचा घट्ट लावून घ्या, पुढे ढगच आत येऊन बसतो." विनोद नव्हता तो. अर्ध्या घाटात खरोखरच दरी नाहीशी झाली, समोरचा रस्ता नाहीसा झाला, आणि ड्रायव्हरकाका भर दुपारी दिवे लावून, हॉर्न वाजवत, अंदाजाने गाडी हाकू लागले.

भाचेबुवांचा भूगोल पक्का. त्यांनी लगेच पाठ म्हणून दाखवला. "हा प्रतिरोध पाऊस. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्री अडवतो, म्हणून पश्चिम उतारावर भरपूर पाऊस पडतो. पूर्वेकडे पर्जन्यछायेचा प्रदेश. दोन मार्कांना येतं."

"अडवतो म्हणजे काय करतो?"

"म्हणजे... वारा येतो, डोंगराला आपटतो, ढग फुटतो आणि पाणी सांडतं." त्याने एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यावर आपटून दाखवली.

मला वाटतं, तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या डोक्यातही हेच चित्र असणार. माझ्याही होतं, चांगलं कॉलेजात जाईपर्यंत. दोष आपला नाही, त्या 'प्रतिरोध' नावाचा आहे. प्रतिरोध म्हणजे अडवणूक. पण जरा विचार करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्रावरून वारा येतोच आहे, येतोच आहे. सह्याद्री तो खरंच अडवत असता तर चार महिन्यांचा वारा कोकणात साठून राहिला असता की! आणि डोंगराच्या पलीकडे, म्हणजे सातारा, खटाव, माण या भागांत, पावसाळ्यात पानही हललं नसतं. आम्ही दोन दिवसांनी माण तालुक्यातल्या म्हसवडला जाणार होतो, माझ्या मैत्रिणीच्या घरी. मी भाच्याला म्हटलं, "तिथे वारा आहे की नाही, एवढंच बघ. मग ठरवू, डोंगर अडवतो की आणखी काही करतो."

तेवढ्यात तो ओरडला, "मावशी, हे पाकीट बघ!"

पाकीट टम्म फुगलं होतं. पोलादपूरला चांगलं मऊ, दाबलं तर दबणारं होतं. आता ते उशीसारखं ताठ झालं होतं. कोणी त्यात हवा भरली नव्हती. आत होती तेवढीच हवा होती. फक्त आम्ही वर आलो होतो.

आता खरी गंमत इथून सुरू होते.

आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि त्या हवेला वजन आहे. समुद्राकाठी उभं राहिलं की सगळा थर डोक्यावर येतो. डोंगरावर चढलं की थोडा थर खाली राहतो, वरचा तेवढाच डोक्यावर उरतो, म्हणून दाब कमी होतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण पंधरा टक्के कमी भरतो. बाहेरचा दाब कमी झाला की पाकिटातल्या हवेला हातपाय पसरायला जागा मिळते, आणि ती पसरते.

वाऱ्याचंही नेमकं हेच होतं. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीपाशी येतो. समोर भिंत. मागून आणखी वारा रेटतोय. खाली जमीन आहे, तिकडे जाता येत नाही. मग तो जातो वर. त्या वाऱ्यातली हवा पाकिटातल्या हवेसारखीच फुगते. फक्त तिच्याभोवती पाकीट नसतं, म्हणून आपल्याला ते फुगणं दिसत नाही.

आणि हवा फुगली की गार होते. बर्फाजवळ नेली म्हणून नाही, नुसती फुगली म्हणून. आजूबाजूच्या हवेला ढकलून जागा करायची तर ताकद लागते, आणि ती ताकद ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते. पटत नसेल तर सायकलचा व्हॉल्व्ह दाबून चाकातली हवा सोडा आणि बोट समोर धरा. गार लागते ना? आता पंपाने हवा भरा, आणि लगेच पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. गरम! दाबली की तापते, सैल सोडली की निवते. (हवा सोडायची ती आपल्याच सायकलची. शेजाऱ्यांच्या सायकलवर शास्त्रीय प्रयोग करू नयेत.)

वर चढणारी हवा ढग तयार होईपर्यंत दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश गार होत जाते. आता थोडा हिशेब. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा खोका डोळ्यांसमोर आणा. त्यात २८ अंशांची हवा असेल तर जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम वाफ मावते. हवा २० अंशांची झाली तर फक्त १७ ग्रॅम. उरलेल्या दहा ग्रॅम वाफेचं काय? तिचं पाणी होतं. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे. एका खोक्यामागे दोन चमचे, आणि असे खोके मोजायचे किती? कोकणातून सगळ्या सह्याद्रीवर रात्रंदिवस चढणाऱ्या वाऱ्यातले! वर जाताना हवा फुगते, त्यामुळे हा हिशेब जरा ढोबळ आहे, पण पाणी कुठून येतं ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पुष्कळ लोक म्हणतात, ओला पंचा पिळावा तसा डोंगर ढगाला पिळून काढतो. ऐकायला छान आहे, पण उलटं आहे. पंचा पिळताना आपण दाबतो. इथे हवा दाबली जात नाही, सैल सुटते, आणि सैल सुटल्यामुळेच तिच्या हातातलं पाणी गळतं.

महाबळेश्वरला आम्ही दोन रात्री राहिलो. दोन दिवसांत टॉवेल वाळला नाही. उशीला ओलसर वास, काडेपेटी पेटेना, आणि खोलीतलं मीठ पाणी सुटून बरणीला चिकटलेलं. तिथली जुन्या वळणाची माणसं पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झडी बांधतात, म्हणजे वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस भिंतीला थेट लागत नाही. घराने घातलेला रेनकोटच तो. बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून आम्ही खोलीतच ढग तयार करायचं ठरवलं.

तुम्हीही करा. पाण्याची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या, मऊ, दाबता येईल अशी. तिच्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून हलवा. मग घरातल्या मोठ्या माणसाला एक उदबत्ती लावायला सांगा, ती विझवून तिचा थोडासा धूर बाटलीत जाऊ द्या, आणि बूच घट्ट लावा. आता दोन्ही हातांनी बाटली जोरात दाबा. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. आणि झटकन सोडा!

बाटलीत धुकं येतं. पुन्हा दाबा, धुकं गायब. सोडा, हजर. भाचेबुवांनी हे किमान साठ वेळा केलं. मी मोजणं मधेच सोडून दिलं होतं.

बाटली सोडणं म्हणजे हवा डोंगर चढणं. दाबणं म्हणजे डोंगर उतरणं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे.

"पण उदबत्ती कशाला?" तो मधेच थांबून म्हणाला. प्रश्न चांगला होता. वाफेला पाणी व्हायचं तर बसायला बारीकसा पाट लागतो. धुराचा कण, धुळीचा कण, नाहीतर समुद्राच्या तुषारांतून उडालेला मिठाचा कण. धूर न घालता बाटली दाबून सोडलीत तर धुकं जेमतेम दिसेल किंवा दिसणारच नाही. सह्याद्रीवर येणाऱ्या वाऱ्याला मिठाची ददात नाही, तो थेट समुद्रावरूनच येतो. म्हणजे महाबळेश्वरच्या पावसाच्या कितीतरी थेंबांच्या पोटात अरबी समुद्राच्या मिठाचा अगदी सूक्ष्म कण असतो. तो जिभेला लागत नाही. भाच्याने खिडकीतून जीभ बाहेर काढून खात्री करून घेतली.

आता आकडे. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात हे तुम्हाला ठाऊक आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी ओतलं तर ते एक मिलिमीटर उभं राहील, इतकं सोपं आहे ते. अलिबागला, अगदी समुद्रकाठी, वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. महाबळेश्वरला ५५०० च्या आसपास. हे सगळं पाणी वाहून न जाता जागच्या जागी साठलं, तर दुमजली घर जवळजवळ बुडेल. समुद्र अलिबागपासून चार पावलांवर, महाबळेश्वरपासून चांगला दूर. तरी जास्त पाऊस डोंगराला! कारण अलिबागला हवेला चढ नाही.

आणि फार उंच डोंगरच हवा असंही नाही. सिंधुदुर्गातलं आंबोली महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीवर, साधारण ७०० मीटरवर आहे. तिथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समुद्रावरून आलेला दमट वारा तिथे एकदम उभ्या कड्याला भिडतो आणि भराभर वर चढतो. उंचीइतकंच महत्त्व चढाला आहे, आणि वारा त्या चढाला कसा सामोरा येतो यालाही. राजस्थानातला अरवली पर्वत बघा. तोही डोंगरच, पण तो नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेला, आणि अरबी समुद्रावरचा वाराही त्याच दिशेने जाणारा. वारा त्याच्या कडेकडेने सरळ निघून जातो, त्याला वर चढायची गरजच पडत नाही. सह्याद्री मात्र उत्तर-दक्षिण, वाऱ्याच्या वाटेत आडवा. मेघालयातल्या खासी टेकड्याही अशाच आडव्या. त्यांच्या दक्षिण अंगावरच्या मॉसिनरामला वर्षाला सरासरी ११,८७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच टेकड्यांवर थोडं मागे, उत्तरेला असलेल्या शिलाँगला त्याच्या पाव भागापेक्षाही कमी.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा ओसरला आणि आम्ही जंगलात शिरलो. रस्त्यावर पाऊस नव्हता, झाडांखाली मात्र टपटप चालू होती. धुकं पानांवर येऊन बसतं, थेंब जमतात आणि खाली पडतात. बाहेर उघडीप आणि झाडाखाली पाऊस!

महाबळेश्वरचं जंगल बघून भाचेबुवा जरा हिरमुसले. एवढा पाऊस म्हणजे झाडं गगनाला भिडलेली असतील असं त्यांना वाटलं होतं. इथली झाडं बुटकी, वाकडीतिकडी, एकमेकांत गुंतलेली. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा. पण कारणं दिसत होती. माथ्यावरचा वारा झाडाला उंच होऊ देत नाही, आणि खाली लाल जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ. शिवाय पाऊस सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने याच झाडांना जवळजवळ कोरडे काढायचे असतात. जांभळाचं पान मी त्याच्या हातात दिलं. जाडसर, गुळगुळीत, वरून तकाकी. पाणी त्याच्यावरून घरंगळून जातं, आणि उन्हाळ्यात आतलं पाणी सहजी बाहेर पडत नाही. पानाने एकाच अंगरख्यात पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही निभावलेत. फांद्या तर दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर शेवाळं, नेचे, आमऱ्या आणि राखाडी-हिरव्या पापुद्र्यांसारखं काहीतरी. तसलंच काहीतरी तुमच्या घरच्या मसाल्याच्या डब्यातही आहे. गोड्या मसाल्यात दगडफूल घालतात ना? ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार असतो.

नुसत्या पावसावर झाडं ठरत नाहीत, हे बघायचं असेल तर साताऱ्याजवळच्या कास पठारावर जा. पाऊस भरपूर, पण जांभ्यावर माती वीतभरही नाही, म्हणून मोठी झाडं फारशी नाहीतच. त्याऐवजी ऑगस्ट-सप्टेंबरात इवल्या फुलांचे गालिचे. त्यातलं निळंजांभळं 'सीतेची आसवं' दिसायला एवढं नाजूक, पण मुळांशी बारीक पिशव्या बाळगून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. इथल्या मातीत पोट भरत नाही म्हणून हा उद्योग. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यात हे पठारही आहे.

निघायच्या सकाळी मी एक रिकामी बाटली घेतली, महाबळेश्वरच्या स्टँडवर तिचं बूच घट्ट लावलं आणि भाच्याच्या हातात दिली. "आता ही उघडायची नाही." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की या बाईला नियम करायचा आजारच आहे.

गाडी पूर्वेकडे निघाली. पाचगणी महाबळेश्वरपासून जेमतेम अठरा-एकोणीस किलोमीटर. पाऊस मात्र ५५०० वरून १८०० च्या आसपास उतरलेला. धुकं विरळ झालं, मग फाटलं. पसरणीच्या घाटात तर ऊन! खाली कृष्णेचं खोरं लख्ख दिसत होतं, धोम धरणाचं पाणी चमकत होतं. वाईला आलो तेव्हा रस्ता कोरडा ठणठणीत. दीड तासापूर्वी आम्ही छत्रीतसुद्धा भिजत होतो, हे तिथल्या कोणाला सांगितलं असतं तर त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसतं. ते रोजच बघतात.

"मावशी, बाटली पिचकली."

अगदी खरं. कोणी न दाबता बाटलीच्या दोन्ही अंगांना खळगे पडले होते. वरची हवा आत कोंडलेली, आणि खाली बाहेरचा दाब जास्त.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे वाऱ्याचंही असंच होणार. डोंगर उतरला की दाबला जाणार. दाबला की तापणार." आणि मग एकदम, "अगं, बाटली दाबली की धुकं गायब होत होतं!"

मला पुढे काही बोलावंच लागलं नाही. (मावशीला याहून मोठा आनंद नसतो, पण ते कोणाला सांगू नका.)

तर पर्जन्यछाया म्हणजे अडवलेल्या वाऱ्याच्या मागची मोकळी जागा नव्हे. वारा तिथेही येतो, ढगही येतात. पण तो वारा बरंचसं पाणी वर टाकून आलेला असतो, आणि उतरताना दाबला जाऊन पुन्हा तापतो. तापलेल्या हवेत वाफेला जागाच जागा. ढगातले बारीक थेंब परत वाफ होऊन जातात. ढग फुटत नाही, रडत नाही, काही नाही. विरून जातो.

हिमालयाबद्दल मात्र 'अडवतो' म्हणा, माझी हरकत नाही. तो इतका उंच आहे, की उत्तरेकडचे थंड वारे आपल्याकडे येऊ न देण्याचं काम तो खरोखरच करतो. सह्याद्री त्या मानाने बुटका. त्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. हा चढवणाऱ्यांपैकी आहे.

साताऱ्याहून आम्ही म्हसवडची गाडी धरली. कोरेगाव गेलं, वर्धनगडाचा घाट गेला, पुसेगाव, मग दहिवडी. गाडीतली करमणूक म्हणून आम्ही झाडं ओळखायचा खेळ लावला होता. वाईपर्यंत वड, आंबा, चिंच. कोरेगावनंतर कडुनिंब आणि बाभूळ. वर्धनगड ओलांडला आणि माळ सुरू झाले. बोरी, हिवर, पिवळ्या फुलांचा तरवड, बांधाबांधाला निवडुंग, आणि मोज्यात घुसून पायाला टोचणारं कुसळी गवत. उसाऐवजी बाजरी आणि मटकी. कौलं गेली, मातीची सपाट छपरं आली. त्यांना माळवद म्हणतात. महाबळेश्वरला असं छप्पर केलंत तर पहिल्याच पावसात घरात चिखल होईल. इथे त्याच्यावर धान्य वाळत घालतात आणि उन्हाळ्यात झोपतात.

म्हसवडला पोचल्यावर मी बाभळीची एक डहाळी घेतली आणि वहीत दाबून आणलेल्या जांभळाच्या पानाशेजारी ठेवली. बाभळीचं पान म्हणजे मुगाच्या डाळीएवढ्या पात्यांची दुहेरी रांग. मोठं पान म्हणजे पाणी उडून जायला मोठी जागा, आणि इथे वर्षाला सगळा मिळून ५०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, म्हणजे तुमच्या गुडघ्याच्या जरासा वर. बारीक पाती लवकर तापत नाहीत, वारा त्यांच्यातून आरपार जातो. शेजारी पांढरे लांब काटे, शेळ्यांसाठी. शेळ्या त्यांना फारसं मोजत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

बरं, हा गुडघाभर पाऊसही बराचसा सह्याद्रीवरून येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्रावरच्या वाऱ्याचा जोर ओसरतो, जमीन तापते, दुपारनंतर गडगडाट होतो आणि परतीचा पाऊस कोसळतो. ज्वारी त्याच ओलीवर पेरतात. तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, की डोंगरापासून दूर म्हणजे कोरडं, तर नागपूर आणखी दूर असून तिथे १००० मिलिमीटरच्या वर पाऊस कसा? कारण तिकडे बंगालच्या उपसागरावरून ढग येतात. त्यांच्या वाटेत सह्याद्री नाहीच.

पावसाचा हा नकाशा मेंढ्यांना पाठ आहे. माणदेशातले धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि मृगाच्या आधी परत येतात. उन्हाळ्यात इकडे चारा नाही, आणि पावसाळ्यात तिकडच्या चिखलात, झडीत मेंढी टिकत नाही. खुरं सडतात, लोकर भिजून आजार होतात. म्हणून मेंढीने पावसाळा पर्जन्यछायेत काढायचा. तिच्या लोकरीची घोंगडी मात्र घाटमाथ्यावर जाते. म्हसवडच्या बाजारातली घोंगडी पूर्वीपासून नावाजलेली. जिथे पाऊस नाही तिथे विणायची, आणि जिथे थांबत नाही तिथे पांघरायची!

आणि नद्या? कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाचही महाबळेश्वरच्या. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वाऱ्याने जे पलीकडे नेलं नाही ते नदी नेते. पण नदी उतारानेच जाणार. माण-खटावचे माळ पडले उंचावर, म्हणून जिहे-कठापूरसारख्या योजनांमध्ये कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून तिकडे चढवावं लागतं. कोयनेची तर आणखी गंमत. तिचं पाणी धरणातून बोगद्यांनी परत पश्चिमेला पोफळीकडे सोडतात आणि त्यावर वीज करतात. कोकणातून वाऱ्यावर बसून फुकट वर आलेलं पाणी, जाताना विजेच्या रूपाने भाडं देऊन उतरतं.

मैत्रिणीच्या घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. आणि वारा! डोळे उघडवेनात असा वारा. धूळ, पाचोळा, दारं धडाधड आपटतायत. माळवदावर गेलो तर उभं राहवेना. महाबळेश्वरचा माझा ओला टॉवेल दोरीवर टाकला तो तासाभरात कडक वाळला. भाचेबुवांनी पश्चिमेकडे तोंड करून दोन्ही हात पसरले. वारा तिकडूनच येत होता, सह्याद्रीवरूनच.

"नाही अडवत," त्याने निकाल दिला.

वरून ढगांच्या रांगा चालल्या होत्या. पांढरे, करडे, घाईघाईने पूर्वेकडे. मैत्रिणीची आई माळवदावर गोधड्या वाळत घालत होती, उडू नयेत म्हणून कडेने दगड ठेवत.

"ढग तर रोज जात्यात की वरनं," ती म्हणाली. "पर हितं कोन उतरत न्हाई."

"आजी, डोंगर त्यांना अडवत नाही," भाच्याने उत्साहाने सांगायला घेतलं. "तो त्यांना वर चढवतो."

"चढवतोय व्हय? मग जरा उतरवाया बी सांग की त्याला."

"पण आजी, उतरला की ढग विरतो!"

आजीने डोळ्यांवर हाताची झापड धरून वर पाहिलं. एक चांगला मोठा करडा ढग डोक्यावर आला होता, कडेने विरत चाललेला. तिने खाली पसरलेल्या गोधड्यांकडे पाहिलं, पुन्हा ढगाकडे पाहिलं, आणि गोधड्या तशाच राहू देऊन ती चहा टाकायला खाली गेली.